महाकायाच्या अंगाची वाटणी

अण्णा,

तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. वडील गेले की मुलीच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. माझ्या उतरला. आई अजून गारखेड्यातल्या त्याच घरात राहते, मी वरच्या मजल्यावर. तुमचा फोटो खाली बैठकीत आहे आणि जिना उतरताना मी सहसा स्वतःच्या चपलांकडे बघत उतरते. पण मागच्या रविवारी असं काही झालं की तेव्हापासून रोज तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. आईसमोर भांडायची सोय नाही, ती लगेच तुमची बाजू घेते. म्हणून लिहायला बसले.

आपल्या घरात देव नव्हते. भिंतीवर दोन तसबिरी होत्या आणि पाहुणा आला की तुम्ही मुद्दाम सांगायचात, "माणसं हायेत ती दोघं. देव नायत." मला कधीकधी वाटायचं, पाहुण्यानं विचारलं तरी कुठं होतं! शेजारच्या घरांत घंट्या वाजायच्या, उदबत्तीचा वास आपल्या खिडकीतून आत यायचा आणि तुम्ही उठून खिडकी लावायचात, उकाडा असला तरी. देवांची नावं मी पहिल्यांदा ऐकली ती बावीस प्रतिज्ञांमध्ये. ह्याला मानणार नाही, त्याला मानणार नाही, हिची पूजा करणार नाही. विहारात सगळ्यांबरोबर उभी राहून मी ते खणखणीत म्हणायचे आणि मनात म्हणायचे, अहो पण हे आहेत कोण? ज्याला मानायचं नाही त्याची निदान ओळख तरी करून द्या. तुम्हाला विचारलं तर एकच उत्तर, "आपल्यात नसतात." का नसतात, कधीपासून नसतात, आधी होते का, काही नाही. तुम्ही वाळूजला कारखान्यात तपासणीला होतात. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल मार्करची फुली आणि टाक भंगारात. घरी येऊनही तुमची ड्युटी संपायची नाही.

आठवीत असताना बाईंनी वर्गात प्रत्येकीला उभं करून विचारलं, तुमचं कुलदैवत कोणतं, त्याची गोष्ट सांगा. कुणाची जेजुरी, कुणाचं तुळजापूर, कुणाचं माहूर. माझ्या आधी सहा मुली होत्या आणि त्या सहा मुलींच्या वेळात मी एक देवी तयार केली. तळ्याखालची आई. पैठणच्या पुढं एक तळं आहे म्हणाले, तिथं ती पाण्याखाली भाकरी थापते, तिच्या चुलीचा धूर म्हणजे सकाळचं धुकं. बाई म्हणाल्या, अरे वा, हे नव्हतं माहीत, आणि वहीत लिहून घेतलं! अण्णा, त्या दिवशी मी शाळेतून उड्या मारत घरी आले. मग मला थांबताच येईना. दोनशे पानी वही केली. त्यात पाऊस मोजणारा देव, आंधळी चांदणी, लग्नात चपला हरवलेल्यांचा देव. त्यांची भांडणं, त्यांची लग्नं, पृथ्वी कुणी केली आणि कुणी बिघडवली. पालकसभेला तुम्ही गेलात आणि बाईंनी कौतुकानं सांगितलं, तुमच्या कुलदेवतेची गोष्ट मुलीनं फार गोड सांगितली हो.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही पहिल्या पाळीवरून थेट सभेला जाऊन घरी आला होतात, कारखान्याचा शर्टही बदलला नव्हता. स्वयंपाकघरात आई भाकरी करतेय, तुम्ही पाटावर बसता, मला समोर बसवता, वही मागता. "हे काय हाय?" मी म्हणते, "देव." "कुणाचे?" "माझे." तुम्ही खिशातून तो लाल मार्कर काढता. मला वाटतं, फाडणार. पण तुम्ही फाडत नाही. तुम्ही एकेक पान वाचता, पूर्ण, ओठ हलवत, आणि मग त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारता. पान उलटता. वाचता. फुली. चपलांच्या देवाला तुमच्या ओठाचा कोपरा जरासा वर गेला, मी बघितलं, हसू आलं होतं तुम्हाला. मला वाटलं, हा सुटला. त्याच्यावरही फुली. आई म्हणाली, "अहो, लेकरू हाय ते, कामून..." तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटचं पान झाल्यावर वही माझ्या हातात दिली आणि म्हणालात, "उद्या वर्गात उभं राहून सांगायचं, आमचं कुलदैवत नाय. खोटं बोलले म्हनायचं."

मी सांगितलं. दुसरं काय करणार होते? आडनावावरून आपलं काही नक्की कळत नव्हतं, ते आडनाव पुष्कळांत असतं. त्या एका वाक्यानं सबंध वर्गाला कळलं. बाई म्हणाल्या, "बरं बरं, बस," आणि स्वतःच्या वहीतली ती ओळ खोडली. कुणी काही बोललं नाही, ते मी कबूल करते, कुणी डबा बाजूला ओढला नाही, काही नाही. फक्त त्यानंतर गोष्ट सांगायला मला कुणी उभं केलं नाही. आठवड्यानं तुम्ही पृथ्वीचा गोल घेऊन आलात, निळाशार, पितळी कमानीचा. "हे खरं हाय," म्हणालात. "ह्याच्यावर बोट ठिव अन् काय इचारायचं ते इचार." मी बोट ठेवलं नाही. मला जे विचारायचं होतं ते त्या गोलावर नव्हतं.

आता मी त्रेचाळीस वर्षांची आहे. वाळूजलाच एका टूलरूममध्ये सुट्या भागांची ड्रॉइंगं काढते. आणि दर रविवारी दुपारी शहागंजात जाते, देव करायला. हो, हसा! तिथं माझा एक मित्र आहे, त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. चुलतबहिणीच्या मंगल परिणयाची पत्रिका छापायला गेले होते, तर गल्ल्याशेजारी वीस बाजूंचा फासा पडलेला. हे काय म्हणून विचारलं आणि अडकलेच. खेळ असा असतो: पाचसहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट चालवतो, ते काम मित्राचं. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, फाशावर जे पडेल ते भोगतात. पण गोष्ट घडायला एक जग लागतं. त्याला नद्या लागतात, राज्यं लागतात, भाषा लागतात, आणि सगळ्यात आधी लागतं, हे जग केलं कुणी. ते काम माझ्याकडे आलं. मित्र म्हणाला, "तू ड्रॉइंगवाली हय ना, तू नकाशा बना." नकाशा दोन महिन्यांत झाला. देवांना सहा वर्षं लागली.

मित्राची एकच अट होती. "असली किसीका नाम नको. मेरेकू शहागंज में दुकान चलाना हय." पत्रिकेच्या माथ्यावर काय छापायचं ह्यावरून त्याला समोरच्या गिऱ्हाइकाचं घर कळतं, त्यामुळं कुठं हात लावायचा आणि कुठं नाही हे त्याच्याइतकं कुणाला कळणार! म्हणून आम्ही जगभरच्या गोष्टी गोळा केल्या आणि त्यांची नावं काढून टाकली. कुठं सुरुवातीला पाणीच पाणी असतं, कुठं अंडं फुटतं, कुठं कासव चिखल वर आणतं, कुठं बर्फातून एक राक्षस निघतो आणि त्याला मारून त्याच्या हाडांचे डोंगर करतात. सगळ्यांना एका पातेल्यात घालून चालत नाही, अण्णा, ते एकमेकांत मिसळत नाहीत. एकाच जगाला दोन बाप होतात. पाण्याची देवी मोठी की अंड्यातला देव, ह्यावर आम्ही तीन रविवार भांडलो. शेवटी मी ठरवलं, अंडं देवीच्या पाण्यात तरंगत होतं, त्यातून महाकाय निघाला, आणि कासव त्या दोघांच्याही आधीपासून तिथं होतं पण त्याला कुणी विचारलं नाही. पत्रिकांच्या रद्द नमुन्यांच्या पाठीवर मी हे सगळं लिहायचे. पुढच्या बाजूला कुणाकुणाची चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, मागच्या बाजूला माझी सृष्टी. तेवढ्या तासांत मी जितकी सुखात असायचे तितकी ह्या घरात कधीच नव्हते. हे तुम्हाला टोचावं म्हणूनच लिहितेय.

मग माणसं करायची वेळ आली. खेळात वेगवेगळे लोक लागतात, प्रत्येकाचा एक गुण जास्त, एक कमी. मी महाकायाच्या अंगाची वाटणी केली. तो मेला तेव्हा त्याच्या माथ्यातून एक लोक झाले, त्यांना बुद्धी आणि मंत्र. खांद्यातून एक, त्यांना बळ. पोटातून एक, ते व्यापारी. टाचेतून एक, ते कष्टाळू, थकत नाहीत. चार फार थोडे वाटले. अंग तर संपलं होतं. मग मी पाचवे केले त्याच्या सावलीतून. अंगातून झाले नाहीत म्हणून ते वस्तीच्या बाहेर राहतात, अंधारात त्यांना दिसतं, लपण्यात हुशार. आणि त्यांना एक खास शक्ती दिली: त्यांची सावली ज्याच्यावर पडेल त्याचा मंत्र बिघडतो. मित्र टेबलावर हात आपटून म्हणाला, "क्या चीज निकाली रे!" अण्णा, मला वाटलं, हे मला सुचलं. इतकं सहज आलं की कुठं खोडावंसुद्धा लागलं नाही. मी माझं स्वतःचं पात्र माथ्याच्या लोकांतलं घेतलं, तेही सांगून टाकते. तेव्हापासून दर रविवारी त्या पात्राच्या तोंडून मी मंत्र म्हटले.

आता ह्या जगाचं पुस्तक निघणार होतं, मित्राच्याच प्रेसमध्ये, माझ्या नावानं. मुखपृष्ठावर आडवा पडलेला महाकाय. मागच्या रविवारी एक नवीन बाई खेळायला आली, दवाखान्यात नर्स आहे, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. हसरी, बडबडी. पात्र निवडायला मी तिला पाचही लोकांचे कागद दिले. ती मोठ्यानं वाचत होती आणि टाचेच्या लोकांपाशी तिचा आवाज जरा हळू झाला. सावलीच्या कागदाला ती थांबलीच. "हे वस्तीबाहेर का राहतात?" मी ऐटीत म्हणाले, "कारण ते अंगातून झालेच नाहीत ना." "आणि सावली पडली की बिघडतं?" "हो, ती त्यांची शक्ती आहे." ती कागद खाली ठेवून म्हणाली, "ताई, माझी आजी सांगायची, गावात जायचं तर कुणाच्या ओट्यावर आपली सावली पडणार नाही अशा बाजूनं चालायचं. तिला नव्हतं माहीत ही शक्ती आहे." मग मी बोलले, आणि जे बोलले ते मला आता कानात ऐकू येतं. मी म्हणाले, "तसं नाहीये ते, उलट टाचेवर तर सगळं शरीर उभं असतं, टाच किती महत्त्वाची!" ती म्हणाली, "हेही ऐकलंय." थोडा वेळ बसली, पिशवी उचलली, ड्युटी आहे म्हणाली आणि गेली.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. जयंतीला स्टेजवरच्या भाषणांत दरवर्षी ऐकलंय, मुखातून कोण आणि पायातून कोण. पण भाषण संपलं की आपण खुर्च्या गोळा करतो आणि घरी येतो. गोष्ट म्हणून ती मला कुणी कधी सांगितली नाही. मांडीवर घेऊन, हे बघ, ही अशी गोष्ट आहे, ऐकायला भारी आहे, म्हणूनच तिच्यापासून जपायचं, असं एकदा, फक्त एकदा कुणी सांगितलं असतं तर माझा हात तिथंच थांबला असता. ते सांगायचं तर तुम्हीच सांगायचं होतं. तुम्ही फुल्या मारल्या. माझ्या निरपराध देवांवर मारल्या, ज्यांनी कुणाला गावाबाहेर ठेवलं नव्हतं! तळ्याखालची आई सगळ्यांना भाकरी द्यायची हो. आणि जी गोष्ट खरंच भंगारात जायची होती ती माझ्या हातून पास होऊन निघाली.

मित्राला म्हणाले, पुस्तक थांबव. तो म्हणाला, "खेल हय ये. कौन इतना सोचता?" मी म्हणाले, ती सोचली ना. तो म्हणाला, "कव्हर बन गया, चारसौ पन्ने उस म्हाकायपे खडे हय. वो निकाला तो सब गिरता." खरं होतं ते. मंदिरं, लढाया, राजघराणी, सगळं त्या वाटणीवर उभं होतं. "और फिर दुनिया किसने बनाई, ये तो बता," म्हणाला. मी माझे कागद पिशवीत भरले.

घरी येऊन आईजवळ बसले. ती मेथी निवडत होती. म्हटलं, अण्णांनी मला एक गोष्ट सांगितली नाही जन्मात. तर ती हात न थांबवता म्हणते, "सांगत नव्हते, पर येत व्हत्या त्यान्ला. लई येत व्हत्या." मी चमकलेच. म्हणाली, लग्न झाल्यावर गच्चीवर बसून तुम्ही तिला सांगायचात. तुमच्या आईकडून आलेल्या, गावातल्या देवळाबाहेर उभं राहून ऐकलेल्या, आवाज काढून, हातवारे करून. "हसू हसू पोट दुखायचं माझं. तू झालीस अन् बंद केलं." का? "म्हनले, पोरीच्या कानावर नको. माझ्या कानातून अजून जाईनात." आणि तिनं मेथीच्या काड्या गोळा करून टोपलीत टाकल्या. असं काही ती मला चाळीस वर्षं सांगत नाही आणि मग मेथी निवडताना सांगते, ह्या बाईचं काय करावं!

तुमची दया यायला हवी होती ना मला, हे ऐकून? नाही आली. संताप आला. तुम्हाला येत होत्या. आवाज काढून येत होत्या! मी त्या वहीत उपाशी माणसासारखी एकटी शिजवत बसले होते आणि तुम्ही भरल्या कोठीच्या दाराशी बसून मला फुल्या मारत होतात. तुमच्या कानांचं दुःख खरं असेल. पण माझे कान रिकामे ठेवून काय मिळवलंत? रिकाम्या जागेत तेच येऊन बसलं, आणि मला ओळखूही आलं नाही.

ह्या आठवड्यात मी महाकाय काढून टाकला. अंगातून कुणी झालं नाही आता. चारशे पानांतली दोनशे सत्तर गेली, राजघराणीही गेली, मित्र डोक्याला हात लावून बसलाय. जग कुणी केलं ह्या पानावर लिहिलंय, "कुणी केलं ते माहीत नाही. माणसं चालत आली आणि थांबली." लिहून झाल्यावर लक्षात आलं, हे तर तुमचंच "आपल्यात नसतात", जरा लांबवलेलं. कागद चुरगाळावा इतका राग आला. चुरगाळला नाही.

हे पत्र मी कुठं ठेवणार नाही, आईच्या हाती लागेल. पण फाडायच्या आधी एक गोष्ट राहिली, ती वर लिहिताना मी मुद्दाम गाळली. ती नर्स जाण्याआधी थोडा वेळ बसली म्हणाले ना, तेव्हा ती माझ्याकडे झुकून अगदी हळू, आपुलकीनं बोलली होती. मला वाटतं तिला मला माफच करायचं होतं. मित्र समोरच होता, त्याला आपल्याकडची पत्रिका छापल्यापासून आपण कोण ते माहीत आहे. ती म्हणाली, "ताई, तुम्ही आपल्यातल्याच ना?" अण्णा, मी म्हणाले, "नाही. का?"